अतिवेगाचे ई-चलन: दंड भरावा की न्यायालयात जावे? एका न मागितलेल्या सेवेचे परीक्षण

हॉटेलचे किंवा मोबाइलचे परीक्षण लिहिणाऱ्या ग्राहकाने ती वस्तू निदान स्वखुशीने घेतलेली असते. ई-चलन ही सेवा मात्र कोणी न मागता घरपोच येते आणि तिची किंमतही आधीच ठरलेली असते. तरीही तिचे परीक्षण व्हायला हवे असे मला वाटते, कारण दंड भरण्याचे दार तिने जितके रुंद ठेवले आहे तितकेच तक्रारीचे आणि न्यायालयाचे दार अरुंद ठेवले आहे, आणि बहुतेक वाहनमालक दुसरे दार न पाहताच पहिल्यातून बाहेर पडतात. या लेखात मी फक्त अतिवेगाच्या चलनाचा विचार करणार आहे. सिग्नल तोडणे, हेल्मेट नसणे, चुकीच्या जागी गाडी उभी करणे या गुन्ह्यांत छायाचित्रच बहुधा सारे सांगून टाकते. अतिवेगात मात्र छायाचित्र केवळ गाडी दाखवते, वेग दाखवत नाही. वेगाचा आकडा यंत्राने सांगितलेला असतो, आणि त्या यंत्रावर कितपत विश्वास ठेवावा हाच न्यायालयात जाण्यासारखा एकमेव खरा प्रश्न आहे.

आधी सेवेच्या चांगल्या बाजूविषयी. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक आणि चासी अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की प्रलंबित चलनांची यादी समोर येते, प्रत्येक चलनाबरोबर दिनांक, वेळ, ठिकाण आणि छायाचित्र दिसते आणि तिथल्या तिथे पैसे भरता येतात. चौकात पावती फाडण्याच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली तर ही मोठी सुधारणा आहे, यात शंका नाही. रस्त्यावरची घासाघीस संपली, ‘साहेब, जरा बघा ना’ हे संपले आणि आपल्याविरुद्ध नेमका काय आरोप आहे हे घरी बसून वाचण्याची सोय झाली. (एक सूचना येथेच देऊन ठेवतो. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल आली तर ती उघडू नये. खरे चलन पाहण्यासाठी कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही, आणि खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो.)

आता किंमत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८३ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हलक्या मोटार वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास किमान १,००० आणि कमाल २,००० रुपये दंड आहे. मध्यम व अवजड प्रवासी आणि मालवाहू वाहनांसाठी हीच रक्कम २,००० ते ४,००० रुपये आहे. महाराष्ट्रात कारच्या अतिवेगाचे चलन २,००० रुपयांचे येते. चलनावरची ही रक्कम म्हणजे कलम २०० खालील तडजोड शुल्क असते, ते भरले की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. पण आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती चलनावर कुठेही लिहिलेली नसते: कारमालकाकडून तडजोडीपोटी मागितली जाणारी रक्कम ही पहिल्या गुन्ह्यासाठी न्यायालय करू शकणाऱ्या दंडाची कमाल मर्यादाच आहे. ‘न्यायालयात गेलात तर जास्त दंड बसेल’ ही भीती, जी पानपट्टीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सर्वत्र ऐकू येते, ती कारच्या पहिल्या अतिवेगापुरती तरी निराधार आहे. दोषी ठरलात तरी दंड २,००० च्या वर जात नाही आणि १,००० पर्यंत खाली येऊ शकतो. वाढतो तो खर्च वेगळाच असतो: वकिलाचे शुल्क, बुडालेला रोज, आणि तारीख पडल्यावर पुन्हा बुडणारा रोज.

म्हणून केवळ पैशाचा हिशेब मांडला तर उत्तर सरळ आहे. दोन हजारांसाठी वकील लावणे परवडत नाही. ज्यांना एवढेच हवे आहे त्यांनी दंड भरून मोकळे व्हावे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र हा हिशेब करण्यापूर्वी चलन नीट वाचावे, कारण न्यायालयापर्यंत न जाताच संपू शकणारी प्रकरणे लोक न वाचता भरून टाकतात.

आमच्या घरातील एका कारला एका महामार्गावर आलेले चलन याचे उदाहरण म्हणून सांगतो. महामार्गाचे आणि कार्यालयाचे नाव देण्याची गरज नाही. नोंदवलेला वेग त्या रस्त्यावरील कारच्या मर्यादेच्या आतच होता, पण चलनावर मर्यादा अवजड वाहनाची छापलेली होती. छायाचित्रात गाडी स्पष्ट कार दिसत होती, आरसीवर वर्ग हलके मोटार वाहन असा होता, आणि तरीही यंत्रणेने तिला मालमोटारींच्या रांगेत बसवले होते. आम्ही आरसीची प्रत आणि चलनाचा क्रमांक जोडून ऑनलाइन तक्रार नोंदवली. पहिले उत्तर एका ओळीचे आले, ‘चलन योग्य आहे’ एवढेच. ते वाचून तक्रार कोणी वाचली असावी असे वाटले नाही. दुसऱ्यांदा लेखी अर्ज घेऊन संबंधित शाखेत गेल्यावर तेथील हवालदारांनी छायाचित्र पाहिले, ‘ही तर कार आहे’ असे स्वतःच म्हणाले आणि काही काळाने चलन रद्द झाले. यंत्राची चूक माणसाला लगेच दिसली. मात्र माणसापर्यंत पोहोचण्यासाठी चप्पल झिजवावी लागली. या टप्प्याला मी काठावर उत्तीर्ण करीन, तेही त्या हवालदारांमुळे.

असे दोष शोधणे अवघड नाही. छायाचित्रातील पाटीवरील अक्षरे आपल्याच क्रमांकाची आहेत का, गाडीचा रंग आणि मॉडेल जुळते का, एकाच ठिकाणच्या एकाच क्षणासाठी दोन चलने आली आहेत का, आणि लिहिलेली वेगमर्यादा त्या जागेची आणि त्या वर्गाच्या वाहनाची आहे का, एवढे पाहावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वेगमर्यादा ही रस्त्याची नसून रस्त्याच्या तुकड्याची असते. केंद्र सरकारने २०१८ साली द्रुतगती मार्गांवर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा अधिसूचित केली, म्हणून मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही १२० चालते असा समज बाळगणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात तेथे सपाट भागात कारसाठी १०० आणि घाटात त्याहून बरीच कमी मर्यादा आहे, कारण राज्याला खालची मर्यादा ठरवण्याचा अधिकार आहे. मुंबईच्या किनारी मार्गावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर व चढ-उताराच्या मार्गांवर ४० अशी तीन मर्यादांची उतरंड आहे. ‘मला १२० ठाऊक होते’ हा बचाव कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. ‘चलनावर ८० लिहिले आहे, पण छायाचित्रातील जागा १०० च्या टप्प्यातील आहे’ हा टिकू शकतो.

क्रमांकाची नक्कल हा वेगळा प्रकार आहे आणि तो अधिक गंभीर आहे. आपली गाडी त्या दिवशी त्या जिल्ह्यात नव्हतीच असे असेल तर फास्टॅगचे खातेउतारे, सोसायटीच्या फाटकावरील नोंद, गॅरेजची पावती असे जे हाती असेल ते जमवून थेट पोलिसांत तक्रार करावी. दंड भरून विषय मिटवणे येथे धोक्याचे आहे, कारण त्या पाटीवर उद्या अपघातही घडू शकतो, आणि आज भरलेले चलन ‘गाडी आपलीच होती’ असे सांगत राहील.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: गाडी आपलीच, मर्यादाही बरोबर, पण यंत्राने सांगितलेला वेग पटत नाही. येथे कायदा सामान्य वाहनचालकाला वाटतो त्यापेक्षा बराच त्याच्या बाजूने आहे. कलम १८३ मध्येच अशी तरतूद आहे की, एखाद्या साक्षीदाराच्या मते गाडी बेकायदा वेगात होती एवढ्यावरून कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतलेल्या मोजमापावर आधारलेले आहे असे दाखवावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला नियम १६७-अ आणखी पुढे जातो. उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. तो टप्पा इलेक्ट्रॉनिक देखरेखीखाली असल्याचा फलक आधी ठळकपणे लावलेला हवा. चलनासोबत उल्लंघनाचे व पाटीचे स्पष्ट छायाचित्र, उपकरणाने नोंदवलेले माप, दिनांक-वेळ-ठिकाण, कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्रही हवे. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली दिले जात असे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचे असते. त्यात २०२५ च्या जुलैपासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैधमापनशास्त्राच्या नियमांखाली आणले गेले, म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर ज्या खात्याचा शिक्का लागतो त्याच खात्याची पडताळणी आता या यंत्रांनाही लागते.

या सेवेतील माझी सर्वांत मोठी तक्रार नेमकी येथेच आहे. छायाचित्र एका टिचकीवर दिसते, पण त्या यंत्राचे प्रमाणपत्र कोठेच दिसत नाही, आणि ज्या कागदावर सगळा खटला उभा राहणार तो पाहण्यासाठी नागरिकाला माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागतो. तो घ्यावा, असेच मी सुचवीन. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा लागतो, शुल्क दहा रुपये असते आणि उत्तरासाठी जन माहिती अधिकाऱ्याला तीस दिवस असतात. ‘अमुक दिनांकाला अमुक ठिकाणी वापरलेल्या वेगमापक उपकरणाचे त्या दिवशी वैध असलेले मान्यता व पडताळणी प्रमाणपत्र’ एवढे एक वाक्य पुरते. प्रमाणपत्र आले आणि ते मुदतीतले असेल तर मुकाट्याने दंड भरावा. ते नसेल किंवा मुदत संपलेले असेल, तर न्यायालयात जाण्याला अर्थ आहे.

मात्र यंत्राविरुद्ध केले जाणारे काही लोकप्रिय युक्तिवाद सोडून द्यावेत. ‘स्पीडगन तिरकी धरली होती’ हा त्यातला पहिला. रस्त्याकडेला स्थिर उभ्या असलेल्या उपकरणाने कोनातून मोजल्यास वेग प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, म्हणजे ती चूक चालकाच्याच पथ्यावर पडते. हा मुद्दा न्यायालयात मांडणारा माणूस अजाणता सरकारी पक्षाला मदत करतो. शेजारच्या मार्गिकेतील गाडीचा वेग आपल्या नावावर पडला, हा मुद्दा त्यापेक्षा कितीतरी दमदार आहे, पण त्यासाठी छायाचित्रात लक्ष्यखूण, म्हणजे यंत्राने कोणत्या गाडीवर नेम धरला ते दाखवणारी खूण, दुसऱ्या गाडीवर दिसायला हवी, किंवा चौकटीत दोन गाड्या इतक्या जवळ हव्यात की शंकेला जागा राहील. सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेत हाही मुद्दा उरत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून चालू झालेल्या यंत्रणेत रस्त्यावरील कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधील अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यांवरून वेग काढला जातो, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक दाबण्याची कला तेथे निरुपयोगी ठरते. या पद्धतीचे एक चांगले आहे की तिचे गणित शाळकरी मुलालाही तपासता येते: दहा किलोमीटर सहा मिनिटांत म्हणजे ताशी १००, पाच मिनिटांत म्हणजे १२०. चलनावर दोन्ही वेळा असतील तर भागाकार करून पाहावा, आणि टोलनाक्यांवरील फास्टॅगच्या वेळांशी तो जुळतो का हेही पाहावे. मेव्हण्यांच्या गाडीला अशा पद्धतीने आलेल्या चलनाचा हिशेब आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला. दोन्ही आकडे जुळले आणि त्यांनी त्याच रात्री पैसे भरले.

न्यायालयाचा अनुभव मी शेजाऱ्यांच्या सोबतीने घेतला. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या या गृहस्थांकडे वेळ होता, चिकाटी होती आणि आयुष्यभर व्हाउचर तपासल्याने कागदावरची चूक हुंगण्याची सवय होती. चलन आभासी (ऑनलाइन चालणाऱ्या) न्यायालयाकडे गेलेले असेल तर तेथे दोनच वाटा असतात: प्रस्तावित दंड भरून प्रकरण मिटवणे, किंवा आरोप अमान्य असल्याचे नोंदवणे, दुसरी वाट निवडली की प्रकरण त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. महाराष्ट्रात वाहतूक चलनांसाठीचे आभासी न्यायालय २०२० साली नागपूर जिल्ह्यातील काटोल येथून सुरू झाले, आणि सेवा म्हणून ते नेटके आहे. पण ते पैसे भरण्यासाठी सोयीचे आहे, वाद घालण्यासाठी नव्हे. वाद घालायचा तर शेवटी जिने चढून न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसावे लागते.

तेथे बसून पुकाऱ्याची वाट पाहणे हा या सेवेचा सर्वांत महागडा भाग आहे. पहिल्या तारखेला सरकारी बाजूचे कागद आले नव्हते. ‘काका, हजार-दोन हजारांसाठी कशाला त्रास घेताय, भरून टाका की,’ असे बाकावरच्या एका तरुण वकिलांनी शेजाऱ्यांना आपुलकीने सुचवले, आणि ‘पैशाचं नाही हो, त्या यंत्राचा दाखला बघायचाय मला,’ असे त्यांनी तितक्याच आपुलकीने उत्तर दिले. पुढे कागद आले, यंत्राचे प्रमाणपत्रही आले आणि ते वैध निघाले. शेजाऱ्यांनी तेथेच आरोप मान्य केला. दंड चलनावरच्या रकमेपेक्षा कमी झाला, पण येण्या-जाण्याचा खर्च धरला तर फायदा शून्य. त्यांना या साऱ्याचे वाईट वाटले नाही. मला मात्र वाटले, कारण तोच दाखला चलनाला जोडलेला असता तर एका न्यायालयाचा, एका पोलिसाचा आणि एका नागरिकाचा वेळ वाचला असता.

जुन्या चलनांविषयी थोडे सांगायला हवे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, अशी मर्यादा फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अतिवेगाबद्दल आज खटला उभा राहिला तर मुदतीचा मुद्दा पहिल्या तारखेलाच मांडता येतो, आणि विलंब माफ करायचा की नाही हे न्यायालय ठरवते. मात्र मुदत संपल्याने संकेतस्थळावरील थकबाकी आपोआप पुसली जात नाही; गाडी विकायला काढली की ती पुन्हा डोके वर काढते. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये. ते समन्स नव्हे, तडजोडीचे निमंत्रण आहे. न गेल्याने आपण दोषी ठरत नाही. तेथे मान्य केलेल्या निवाड्यावर अपील मात्र करता येत नाही, म्हणून ज्यांना यंत्राच्या मापाविषयी खरी शंका आहे त्यांनी तेथे सही करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हा सारा विचार झाला तो कार घेऊन फिरणाऱ्या माणसाचा, ज्याच्यासाठी दोन हजार रुपये म्हणजे फार तर एक चिडचिड. टुरिस्ट टॅक्सी, टेम्पो किंवा ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. अतिवेगाच्या दुसऱ्या आणि त्यापुढील गुन्ह्याला लायसन्स जप्तीची तरतूद आहे, आणि तडजोड शुल्क भरले तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खालील ती कारवाई टळतेच असे नाही. अशा चालकाने पहिलेच चलन गांभीर्याने वाचावे, शंका असेल तर माहितीचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा, आणि पुरावा कच्चा असेल तर कारवाल्याला न परवडणारी तारीखही सोसावी. समन्स आले तर कलम २०८ प्रमाणे स्वतःऐवजी वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा असते, त्यामुळे प्रत्येक वेळी फेरी बुडतेच असे नाही. अडचण एवढीच की चलनाचा संदेश जातो मालकाच्या मोबाइलवर. मालक रक्कम भरून महिनाअखेरीस पगारातून कापतो आणि आपल्या नावावर काय नोंदले गेले हे चालकाला कपातीच्या दिवशी कळते. संकेतस्थळ गाडीच्या क्रमांकाबरोबर जे चार आकडे मागते, ते गाडीत ठेवलेल्या आरसीवरच छापलेले असतात. भाड्याची गाडी चालवणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावेत आणि पगाराच्या तारखेआधी यादी स्वतः उघडून पाहावी.